मालूची दीपमाळ

फोन आला तेव्हा मी दूध तापवत होते. नंदूचा फोन. नंदू म्हणजे माझ्या धाकट्या जावेचा, मालूचा मुलगा. इंदूरला नोकरीला असतो. आईला छातीत दुखायला लागलं, दवाखान्यात ठेवलं, म्हणून धावत आला होता. तो एरवी माझ्याशी मराठीत बोलतो, पण रडायला लागला की हिंदीत रडतो. “मोठी आई, आई नहीं रही,” म्हणाला. मी “बरं” म्हटलं. तो म्हणाला, “सुन रही हो ना?” म्हटलं, “ऐकलं. घरी कधी आणताय ते सांग.” तेवढ्यात दूध वर आलं, मी गॅस बंद केला. फोन ठेवल्यावर दूध निवू दिलं आणि रोजच्यासारखी साय वाटीत काढून ठेवली. साय मालूला लागायची, साखर घालून. मला आवडत नाही. ती वाटी पुढे बरेच दिवस फ्रिजमध्ये मागे राहून गेली. मग फेकायची कशाला, म्हणून मीच खाल्ली.

भेटायला आलेल्या बायका म्हणत होत्या, किती जीव होता हो तुमचा एकमेकींवर. मी म्हटलं, जीव वगैरे नव्हता, सवय होती. एकीला ते आवडलं नाही. पण खरं तेच आहे. मी या घरात आधी आले, ती नंतर आली, दोघींचे नवरे पाठोपाठ गेले, मला मूलबाळ नाही, तिचा मुलगा बाहेरगावी. राहिलो दोघी एका घरात. भांडलो पुष्कळ. मला अजून रडू आलेलं नाही. कानात पाणी गेल्यावर कसं सगळं लांबून ऐकू येतं, तसं चाललं आहे. आमच्या मंडळातल्या बाईंनी सांगितलं, पेपरच्या पुरवणीसाठी चार आठवणी लिहून द्या, मन मोकळं होईल. मन मोकळं व्हायचं तेव्हा होईल. मी चौथीपर्यंत शिकले, माझं लिहिणं कितीसं असणार. पण मालूबद्दल दुसरं कुणीतरी गोड गोड लिहील, त्यापेक्षा मी लिहिते.

आमचं घर ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, खासगी बाजार म्हणतात तिथे. खाली दुकान भाड्याने दिलेलं, वर आम्ही. वरच्या खोलीला दक्षिणेकडे एक खिडकी आहे, खाली गल्ली दिसते. तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लावायचा आणि एक पणती या खिडकीत ठेवायची, अशी आमच्या घरची रीत. आमचे पूर्वज फौजेबरोबर दक्षिणेतून इकडे आले. देवी राहिली तिकडे कोकणात, समुद्राच्या काठी. तिच्यासमोर म्हणे पांढरी, उंच दगडी दीपमाळ आहे, देवळापुढे असते ना तशी, पण एवढी मोठी की समुद्रातल्या नावांना दिसते. आपण लांब पडलो, तिथे दिवा लावायला जाऊ शकत नाही, म्हणून तिच्या दिशेला इथून एक पणती. मला लग्नानंतर सासूबाईंनी हे सांगितलं, मी हो म्हटलं आणि पणती लावायला लागले. मालू लग्न होऊन आली तेव्हा तिलाही सांगितलं. ती उज्जैनची, मॅट्रिक झालेली. तिने विचारलं, “कोणी पाहिलीय का ती?” सासूबाई म्हणाल्या, “पाहायची कशाला? आहे.” मालू उठली. स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाली, “अक्का, मी पाहणार.” मी म्हटलं, “आधी कणीक मळ.” त्या दिवसापासून पणती तिने घेतली. मला कामच एक कमी झालं, मी कशाला अडवू.

तिला उंचावर जायचं वेड होतं. आमच्या इथे थंडीत मेळा भरतो, अख्खं ग्वाल्हेर लोटतं. त्यात झूले असतात. मोठा झूला, तुमच्याकडे आकाशपाळणा म्हणतात तो, त्यात ती दरवर्षी बसायची. नवरा बसायचा नाही, त्याला गरगरायचं. मी बसायची नाही, कारण पैसे देऊन घाबरायचं कशाला हे मला कळत नाही. एका वर्षी वरून तिची चप्पल सुटली ती खाली पापडवाल्याच्या थप्पीवर. मेळ्यातले ते ताटाएवढे पापड, सगळे चुरा. तो माणूस वर बघून ओरडत होता आणि ही वर गोल गोल फिरत हसत होती. झूला थांबल्याशिवाय उतरता येईना. त्याची समजूत मला घालावी लागली. तेव्हापासून ती चपला काढून माझ्या हातात द्यायची आणि अनवाणी चढायची, आणि मी खाली तिच्या चपला धरून उभी. खाली आली की मी विचारायची, “काय दिसलं?” तर एकेक सांगत बसायची. किल्ला कसा दिसतो, बिर्लानगरच्या बंद गिरणीची चिमणी, कुणाच्या गच्चीवर वाळत घातलेल्या गाद्या. मी म्हणायची, “गाद्या बघायला वर गेलीस?” आमचे हे त्याच गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर मला त्या चिमणीचं कौतुक उरलं नव्हतं. तिला होतं.

पुरवणीत प्रवासाचं पान येतं, ते ती मला मोठ्याने वाचून दाखवायची. अमुक ठिकाणचं जुनं दीपगृह, वर चढून समुद्र पाहता येतो. तमुक ठिकाणी झूल्यांचं मोठं उद्यान, पाण्याच्या घसरगुंड्या. दीपगृहाचा फोटो असला की पान कात्रीने कापून ठेवायची. “अक्का, आपली दीपमाळ अशीच असणार,” म्हणायची. मग तिच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. इकडे काला मोतिया म्हणतात. डॉक्टरने थेंब दिले आणि सांगितलं, गेलं ते परत येणार नाही, आहे ते किती दिवस राहील बघू. कडेकडेने दिसेनासं होत होतं. वाचायचं काम माझ्याकडे आलं. मी एकेक अक्षर लावून वाचणार. ती म्हणायची, “अक्का, तुम्ही वाचलंत की समुद्रसुद्धा सब्जीमंडीसारखा वाटतो.” मी म्हटलं, मग तुझ्या सुनेकडून वाचून घे. सुनेला मराठी येत नाही.

पण तेव्हा तिने नंदूला फोन करून सरळ सांगितलं, “डोळे आहेत तोवर मला ती दीपमाळ दाखव.” नंदू वाईट मुलगा नाही. त्याने फोनमध्ये शोधलं आणि म्हणाला, “आई, वहाँ दीपमाळ वगैरे काही नाहीये. लाइटहाउस आहे, अंग्रेजों के ज़माने का. टूरिस्ट लोग जाते हैं. जवळच अम्यूझमेंट पार्क पण आहे, मुलांचं पण होऊन जाईल.” मालू म्हणाली, चालेल. मी म्हटलं, दीपमाळ नाही तर जायचं कशाला. तर ती म्हणाली, “अक्का, फोनला काय कळतंय.” गेलो सगळे. नंदू, सून, दोन नातवंडं, आम्ही दोघी. ग्वाल्हेरहून रेल्वे, पुढे गाडी ठरवलेली. ठरलं असं की पार्क वाटेवर आहे, तर आधी दोन-तीन तास पार्क, मग संध्याकाळच्या आत दीपगृह, दुसऱ्या दिवशी सकाळी देवी आणि परत.

पार्कात मुलं एकदा पाण्यात शिरली ती बाहेर यायला तयार नाहीत. तिथे एवढा गोंगाट की मालूला काही सांगायचं तर कानाशी ओरडावं लागे. ती बाकावर बसून सारखी नंदूला विचारत होती, किती वाजले. तो म्हणत होता, “बस आई, दस मिनट.” दीपगृह दुपारनंतर थोडा वेळच उघडं असतं हे तिने वाचलेलं होतं. मग ती उठली आणि म्हणाली, “अक्का, इथे झूला आहे का मोठा?” होता, मेळ्यातल्यापेक्षा दुप्पट उंच. तिने चपला काढून माझ्या हातात दिल्या. तिकडचा माणूस म्हणाला, चपला घालून बसलं तरी चालतं, पिंजरा बंद असतो. ती नाही म्हणाली. मी खाली उभी. खाली आली. मी विचारलं, “काय दिसलं?” म्हणाली, “दिसली.” “काय दिसली?” “दीपमाळ. तिकडे, लांब. पांढरी... उंच.” मी म्हटलं, बरं.

त्या दिवशी दीपगृह राहिलंच. धाकट्याला उलट्या झाल्या, सून कावली. नंदू म्हणाला आता तिकडे पोचेपर्यंत बंद होईल, अगली बार. सकाळी देवीला गेलो. देऊळ लहानसं, कौलारू. मी गुरवाला विचारलं, दीपमाळ कुठे आहे? तो म्हणाला, “कसली दीपमाळ? इथे कधी नव्हती.” मालू माझ्या शेजारीच उभी होती, तिने ऐकलं. तिने देवीची ओटी भरली, पण ग्वाल्हेरहून आणलेली दुसरी ओटी, खण-नारळ-तांदूळ, पिशवीतून काढलीच नाही. दीपमाळेसाठी आणली होती. परत घेऊन आली. घरी कपाटात ठेवली. नारळ वाजायचा बंद झाला की बदलायची.

त्यानंतर तिचे डोळे लवकर गेले. उजेड आहे की अंधार एवढं कळायचं, बाकी नाही. पणती मात्र तीच लावायची, वात हाताने चाचपून. लावून झाल्यावर खिडकीपुढे हात जोडून उभी राहायची बराच वेळ. मी एकदा म्हटलं, “गुरव नाही म्हणाला ना, मग कुणाला नमस्कार करतेस?” म्हणाली, “मी झूल्यावरून पाहिली ती आठवते. डोळ्यांनी पाहिलेली शेवटची चांगली गोष्ट आहे ती माझी.” आणि मग एका सकाळी ती म्हणाली, “अक्का, आपण दोघीच जाऊ.” नंदू फोनवर चिडला. “अब क्या देखोगी आई, दिखता तो है नहीं.” मालू म्हणाली, “अक्का बघतील.” मी म्हटलं, मला कशाला ओढतेस, नंदूबरोबर जा, सून चांगली आहे, ती सांगेल काय काय दिसतंय ते. तर मालू म्हणाली, “नाही. बाकीचे सगळे मला बरं वाटेल ते सांगतील. तुम्ही आहे ते सांगाल.” हे काही कौतुक म्हणून म्हणाली नव्हती. माझ्या बोलण्यावरून आमची कितीतरी भांडणं झाली होती.

गेलो दोघी. दोन म्हाताऱ्या, एक आंधळी. लोकांनी मदत केली, कुणी नाही केली. दीपगृहाच्या दाराशी पोचलो तेव्हा ते नुकतंच उघडलं होतं. मालूने काय केलं, दाराबाहेर चपला काढल्या, मलाही काढायला लावल्या, पिशवीतून ओटी काढली आणि उंबऱ्याशी बसली. हळदकुंकू बोटावर घेऊन भिंत चाचपायला लागली. आतला माणूस पळत आला. “ओ काकू, हे देऊळ नाय. भिंतीला लावू नका, नवीन रंग दिलाय.” मालू म्हणाली, “उंच आहे ना?” “आहे.” “दगडाचं आहे? वर दिवा आहे?” “आहे, पण...” “मग झालं.” त्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “फार लांबून आलो आहोत आम्ही, ग्वाल्हेरहून. उंबऱ्यावर ठेवू द्या, भिंतीला नाही लावणार.” तो म्हणाला, “तुमचं मराठी हिंदीसारखं वाटतं.” मी म्हटलं, “वाटू द्या.” मग त्यानेच नारळ सरळ करून ठेवला, गडगडत होता म्हणून. आणि चपला घालूनच चला म्हणाला, जिना लोखंडी आहे, पाय कापेल.

मी आयुष्यात कधी उंचावर गेले नव्हते. पण तिला पायऱ्या दिसत नव्हत्या, कुणीतरी पुढे जायला हवं. मी पुढे, तिचा हात माझ्या खांद्यावर. दर वळणाला ती थांबून भिंतीला तळवा लावायची. माझे गुडघे म्हणजे... जाऊ दे. वर दिव्याच्या खोलीत त्या माणसाने तिला मोठ्या काचेला हात लावू दिला, एवढं म्हणाला की पदराने पुसून घ्या हात आधी. एकात एक कड्या असलेली काच, माणसाएवढी. मालू हात फिरवून म्हणाली, “ही तर कापलेल्या कांद्यासारखी आहे.” तो माणूस हसला. म्हणाला, इतके लोक येतात, असं कुणी सांगितलं नाही. मग छोट्या दारातून आम्ही बाहेरच्या सज्ज्यात आलो. वारा असा की पदर तोंडात धरावा लागला. मी कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि खाली बघितलं नाही, समोर बघितलं.

मालू म्हणाली, “काय दिसतंय?”

“पाणी.”

“आणि?”

“पाणीच आहे मालू. समुद्र आहे तो.”

“कसं आहे?”

“मळकट. चहात दूध जास्त झालं की होतो तसा रंग. लांब गेल्यावर जरा बरा आहे.”

“पेपरात निळाशार लिहितात.”

“लिहू देत.”

तिने मान हलवली, जसं काही हिशेबात बसलं. मग तिने मला सज्ज्यातून सावकाश चालवत पलीकडच्या बाजूला नेलं, जमिनीकडच्या. मी सांगत गेले. नारळाची झाडं. पत्रे. एक मोबाइलचा टॉवर. बोटी ओढून ठेवलेल्या, पालथ्या. एक बाई काहीतरी वाळत घालते आहे. “गाद्या?” “नाही, मासे असावेत.” मग तिने विचारलं, “अक्का, तो झूला दिसतोय का? पार्कातला?”

मला कळलं ती काय विचारते आहे. झूल्यावरून हे दिसलं असेल, तर इथून झूला दिसायला हवा. मी बघितलं. खूप बघितलं. माझी लांबची नजर चांगली आहे. ज्या रस्त्याने आलो त्या बाजूला एक अख्खा डोंगर आडवा होता, आणि पार्क त्या डोंगराच्या पलीकडे. हो म्हणणं सोपं होतं. तोंडापर्यंत आलंही होतं. पण हो ऐकायचं असतं तर तिने सुनेला आणलं असतं.

“नाही,” मी म्हटलं.

“नीट बघा.”

“नीट बघितलं. मध्ये डोंगर आहे.”

ती कठड्याला धरून उभी. मग म्हणाली, “मग मी काय पाहिलं?”

“पाण्याची टाकी असेल. आत्ता येताना रस्त्यात लागली ना, तिच्यापाशी आपली गाडी थांबली होती. पांढरी आहे. उंच आहे.”

मला वाटलं आता ही इथेच बसते की काय. तिचा चेहरा हलला, आणि मग ती हसायला लागली. पोट धरून, पापडाच्या दिवशी हसली होती तशी. आतला माणूस दारात आला, “काकूंना चक्कर आली काय?” मालूला बोलता येईना. म्हणाली, “अहो, मी रोज संध्याकाळी... दिवा लावून... टाकीला नमस्कार करत होते.” मलाही हसू आलं. दोघी हसलो. तो माणूस आमच्याकडे बघत उभा. हसून झाल्यावर तिने डोळे पुसले, कठड्यावर हात ठेवला आणि म्हणाली, “आता पाहिली.” मी विचारलं नाही की काय पाहिलं. खाली उतरताना तिने परत भिंतीला हात लावला नाही.

परत आल्यावर तिला एक खोड लागली. पणती लावून झाली की खिडकीपाशी खुर्ची ओढून बसायची आणि मला उभं करायची. “अक्का, काय दिसतंय?” मला कंटाळा यायचा. गल्लीत रोज काय निराळं दिसणार. मी म्हणायची, “टेम्पो.” “आणि?” “समोरचा दुकानदार शटरला कुलूप लावतोय.” “आणि?” “गाय आहे. कचऱ्यातली पुऱ्यांची पिशवी खातेय.” “पिशवीसकट?” “पिशवीसकट.” ती म्हणायची, “आणि?” मग मला अजून काहीतरी शोधावं लागायचं. तिच्या त्या आणिमुळे मी समोरच्या घराचा सज्जा बघितला, त्याला नक्षी आहे. इतकी वर्षं त्या घरासमोर राहून मला ठाऊक नव्हतं. तिला सांगितलं तर म्हणाली, कसली नक्षी? मी म्हटलं, “वेलबुट्टी असावी. झिजली आहे.” एवढ्यावर ती खूश. दवाखान्यात नेलं त्या संध्याकाळीही, रिक्षात बसवताना, श्वास लागलेला, तरी म्हणाली, काय दिसतंय. मी म्हटलं, “नंदूने पाठवलेला माणूस, रिक्षा, आणि तू गप्प बस.” माझं तिच्याशी शेवटचं बोलणं ते. दुसरं सुचलं नाही, आणि सुचायला हवं होतं असंही मला वाटत नाही.

तेरावं झालं, नंदू गेला. जाताना म्हणाला, “मोठी आई, इंदौर चलो, अकेली क्या करोगी यहाँ.” मी म्हटलं, बघू. त्याने कपाट आवरलं, आईची औषधं, चष्मा, दीपगृहांची कात्रणं घेऊन गेला. चपला राहिल्या, दाराशी. त्या मी उचलल्या नाहीत. कामाच्या बाईनेही केर काढताना उचलल्या नाहीत, बाजूने झाडू फिरवते.

पणती आता मी लावते. काल लावली, खिडकीत ठेवली आणि उभी राहिले. गुडघे दुखतात, खुर्ची शेजारीच आहे, पण तिच्यात बसावंसं वाटत नाही. खालून टेम्पो गेला. मी म्हटलं, “टेम्पो.” मोठ्याने म्हटलं, कारण तसंच म्हणायची सवय आहे. मग थांबले. गल्लीत माणसं होती, दुकानं उघडी होती, समोरच्या सज्ज्यात कुणीतरी काहीतरी करत होतं. सांगण्यासारखं असेलही. पण “आणि?” असं कुणी म्हटल्याशिवाय मला पुढचं दिसत नाही. थोडा वेळ वाट बघितली, वाऱ्याने पणती विझायला नको म्हणून खिडकीचं एक दार ओढून घेतलं, आणि आत आले.